अकरा अक्षौहिणी आणि एक धुरा

प्रत्येक गावाला वादासाठी एक हक्काचा विषय लागतो. मुंबईत तो क्रिकेटचा कर्णधार असतो, कोल्हापुरात कुस्तीचा निकाल असतो, पुण्यात तर विषय कोणता असावा यावरच वाद चालतो असे म्हणतात. आमच्या मानोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने जो विषय गाजतो, तो या सर्वांहून पुरातन आहे. कुरुक्षेत्रावर जे सेनापती होऊन गेले, त्यांत खरा सेनापती कोण?

मानोरा हे वाशीम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाला. तोवर आम्ही अकोल्याचे. तालुक्यात बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी आहे, अरुणावती नदी आहे, पऱ्हाटी आहे, तूर आहे आणि अलीकडे जिकडेतिकडे सोयाबीन आहे. लष्करी छावणी मात्र नाही, आणि कदाचित म्हणूनच येथे सेनापतींचे परीक्षक विपुल आहेत. ज्याला उभ्या जन्मात एका बैलजोडीहून मोठी सेना हाकावी लागलेली नाही, असा गृहस्थ द्रोणाचार्यांच्या व्यूहातली फट ज्या अधिकाराने दाखवतो, तो अधिकार पाहून एखाद्या खऱ्या सेनानीनेही पगडी उतरून ठेवावी!

याचे मूळ आहे पोथीत. चातुर्मासात मारुतीच्या देवळात संध्याकाळी श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' लागतो. अठराव्या शतकाच्या आरंभी रचलेला हा चौसष्ट अध्यायांचा ग्रंथ. पण अजून त्याची ओवी कानावर पडली की म्हातारी माणसे मांडी सावरून बसतात. वाचणारा ओवी म्हणतो, सांगणारा अर्थ सांगतो, आरती होते, खडीसाखर वाटली जाते, पोथी लाल फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली जाते. येथे पुण्याचा भाग संपतो. मग मंडळी देवळाच्या ओट्यावर येऊन बसतात, कोणी तंबाखूची डबी उघडतो, आणि जे युद्ध आत कोनाड्यात निजवलेले असते ते बाहेर ओट्यावर पुन्हा उभे राहते.

या ओट्यावर पक्ष आहेत. भीष्माचा पक्ष वयस्कांचा. त्यांना त्या पांढऱ्या दाढीविषयी, त्या ब्रह्मचर्याविषयी, शरशय्येविषयी इतका आदर आहे, की पितामहाच्या युद्धकौशल्याची चर्चा करणेही त्यांना थोडे उद्धटपणाचे वाटते. द्रोणाचार्यांचा पक्ष एकट्याचा. तो म्हणजे आमचे निवृत्त मास्तर. शिक्षकाने शिक्षकाची बाजू घ्यावी यात नवल नाही. अर्जुनाचा पक्ष संख्येने मोठा, पण मिंधा. जिंकलेल्याची बाजू घेण्यात वादाची गोडी नसते, हे त्या मंडळींनाही कळते. आणि खरा आवाज कर्णाच्या पक्षाचा. हा पक्ष पूर्वीपासून होताच. पण १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि त्याला नवे सैन्य मिळाले. पुढे २ ऑक्टोबर १९८८ पासून जून १९९० पर्यंत रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' दिसू लागले, तेव्हा तर ज्यांनी पुस्तक उघडलेही नव्हते तेही कर्णाचे झाले.

कर्णाचे हे वेड केवळ कादंबरीचे किंवा पडद्याचे नाही, असे मला वाटते. सगळे अंगी असून ऐन वेळी रथाचे चाक जमिनीत फसावे, हा त्याचा शेवट. काळ्या मातीत चाक फसणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मृगाच्या चिखलात कणेपर्यंत रुतलेली बंडी, घामाने भिजलेले बैल, वर भरून आलेले आभाळ आणि चाकाला खांदा लावून उभा असलेला एकटा माणूस, हे चित्र ज्याने अंगावर अनुभवले आहे, तो सतराव्या दिवशीच्या कर्णाला परका कसा म्हणेल?

एका रात्री मास्तरांनी ओट्यावर खडूने हिशेब मांडला. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. एकास एक, एकास तीन, एकास पाच, असे प्रमाण. रथ, हत्ती, घोडे आणि पायदळ मिळून एका अक्षौहिणीची बेरीज २,१८,७००. कौरवांच्या अशा अकरा, पांडवांच्या सात. अठरा अक्षौहिणींची बेरीज ३९,३६,६००. आकडा लिहून झाल्यावर मास्तर स्वतःच क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. एवढे सैन्य खरोखर होते की कवीच्या कल्पनेत होते, हा पंडितांचा प्रश्न. ओट्याला तो पडत नाही. ओट्याला पडला तो निराळाच. तो विचारला एका अशा माणसाने, जो एरवी बोलत नाही. त्याचे वावर जंगलाच्या कडेला आहे. रानडुकरे आणि रोही पीक बुडवतात म्हणून तो रोज रात्री जागलीला जातो. जाता जाता अर्धा तास ओट्यावर टेकतो. तो म्हणाला, "मास्तर, अकरानं सातले मारलं पाह्यजे का नाही? मंग सात कसे जिकले?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर सोपे नव्हते. "देव त्याईच्याकून होता," असे कोणीतरी म्हणाले. ते खरेच; पण देवाने शस्त्र धरायचे नाही असे आधीच ठरले होते, आणि देवाची स्वतःची नारायणी सेना कौरवांकडे होती. शौर्याने म्हणावे तर भीष्म, द्रोण, कर्ण हे तिघे ज्या बाजूला, त्या बाजूला शौर्य कमी पडले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तेव्हा सेनापती एकेक करून तपासावे लागले. ही तपासणी तीन-चार रात्री चालली. तीत जे निघाले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

भीष्मांनी दहा दिवस सेनापतिपद केले. पद घेतानाच त्यांनी अट घातली होती: रोज दहा हजार योद्धे मारीन, पण पांडूच्या मुलांना मारणार नाही. दुसरे, सैन्यातल्या रथी-महारथींची मोजदाद करताना त्यांनी कर्णाला अर्धरथी ठरवले. त्या अपमानाने कर्णाने, भीष्म उभे आहेत तोवर लढणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. म्हणजे अठरांपैकी दहा दिवस कौरवांचा एक थोर धनुर्धर तंबूत बसून राहिला, आणि तो शत्रूने नव्हे, त्यांच्याच सेनापतीने बसवला. तिसरे तर सर्वांत विलक्षण. नवव्या दिवशी रात्री पांडव त्यांच्या भेटीला आले, आणि मला कसे पाडाल याची युक्ती या सेनापतींनी शत्रूला स्वतःच्या तोंडाने सांगितली.

द्रोणाचार्य पाच दिवस सेनापती. व्यूहरचनेत त्यांना तोड नाही, हे मास्तरांचे म्हणणे सर्वांनी मान्य केले. तेराव्या दिवसाचे चक्रव्यूह त्यांचे. चौदाव्या दिवशी जयद्रथाला लपवण्यासाठी शकटाच्या पोटात पद्म आणि पद्माच्या पोटात सूची, अशी जी रचना त्यांनी केली, ती ऐकताना आमच्या ओट्यावरच्या मंडळींना खडूने आकृती काढल्यावाचून राहवेना. पण त्यांनी दुर्योधनाला वचन काय दिले होते? धर्मराजाला जिवंत धरून देईन, पण अर्जुन जवळ नसला तर! ज्याच्यावर सारे युद्ध लोंबकळते आहे, त्या शिष्यालाच हिशेबातून वगळून केलेले हे वचन. शिवाय ज्याच्या हातून आपण मरणार हे ठाऊक होते, त्या द्रुपदपुत्राला धनुर्विद्याही त्यांनीच शिकवली होती.

कर्ण दोन दिवस सेनापती. त्याने कुंतीला शब्द दिला होता: अर्जुन सोडून तुझ्या चौघांना मारणार नाही. तो शब्द त्याने पाळला. चौदाव्या दिवशी भीम त्याच्या हाती सापडला, त्याने धनुष्याच्या टोकाने डिवचून सोडून दिला. सतराव्या दिवशी, स्वतः सेनापती असताना, खुद्द धर्मराज त्याच्या तावडीत आला. ज्याला धरण्यासाठी द्रोणांनी पाच दिवस रक्त आटवले, तो राजा हातात आला, आणि सेनापतीने त्याला जाऊ दिले. दात्याच्या दृष्टीने याहून मोठे दान नाही. पण ज्या शिपायांनी त्या सेनापतीच्या भरवशावर त्या दिवशी प्राण दिले, त्यांना त्या दानात कोणी विचारले होते का?

शेवटचा शल्य. हा तर नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. निघाला होता भाच्यांकडे. वाटेत दुर्योधनाने मुक्कामोमुक्कामी असा पाहुणचार केला, की यजमान कोण हे न विचारताच मामा वचनात अडकला. आणि तिकडे अडकल्यावर इकडे भाच्याला दुसरे वचन देऊन आला: कर्णाचे सारथ्य माझ्याकडे आले की मी बोलून बोलून त्याचे तेज उतरवीन. अठराव्या दिवशी हाच अर्धा दिवस सेनापती होता, आणि दुपारपर्यंत धर्मराजाच्या हातून पडला.

चौघांची अशी तपासणी संपली तेव्हा ओट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. भीष्माचा पक्ष, कर्णाचा पक्ष, द्रोणाचार्यांचा एकटा पक्ष, सारे एका ओळीत येऊन बसले होते. कारण चौघांचा दोष एकच निघाला. त्यांच्या हातात कौरवांचे धनुष्य होते आणि मनाच्या गाठीला पांडवांकडचे काहीतरी बांधलेले होते. आणि हे गुपितही नव्हते. युद्ध सुरू होण्यापूर्वी, दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना, धर्मराज कवच उतरवून पायी शत्रुसैन्यात गेला आणि भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य यांच्या पाया पडला. चौघांनीही त्याला, तुझा जय होवो, असाच आशीर्वाद दिला. चौघांनीही, आम्ही कौरवांच्या अन्नाने बांधलो आहोत, अशीच अडचण सांगितली. आपल्या सैन्यासमोर उभे राहून शत्रूला विजयाचा आशीर्वाद देणारे सेनापती! मागे उभ्या असलेल्या अकरा अक्षौहिणींतल्या एखाद्या पायिकाने ते ऐकले असते, तर त्याने भाला खाली टाकून घरची वाट धरली असती. आणि त्यात त्याचे काही चुकले असते असे मला वाटत नाही.

इरावतीबाई कर्व्यांनी १९६७ सालच्या 'युगान्त'मध्ये भीष्मांना असेच अवघड प्रश्न विचारले आहेत. त्या पुस्तकाला पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी भीष्मांची अशी झडती घेतलेली पुष्कळांना रुचली नाही. आदरणीय माणसाचा हिशेब मागणे आपल्याकडे अजूनही अवघडच आहे.

तेवढ्यात जागलीवाल्याने दुसरा प्रश्न केला. "अन् पांडवाईचा सेनापती कोन होता?"

कोणी म्हणाले अर्जुन. कोणी म्हणाले भीम. एकाने तर कृष्ण म्हणून सांगितले. ज्यांना भीष्मांच्या दहा दिवसांचा तपशील पाठ होता, ज्यांना चक्रव्यूहाच्या आकृत्या काढता येत होत्या, त्यांपैकी कोणालाही झटकन हे नाव आठवले नाही. नाव आहे धृष्टद्युम्न. द्रुपदाचा पुत्र, द्रौपदीचा भाऊ. कौरवांकडे भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य असे एकामागून एक सेनापती झाले; पांडवांकडे पहिल्या दिवसापासून अठराव्यापर्यंत हा एकटाच.

आणि गंमत अशी, की सेनापती कोण असावा हा वाद पहिल्यांदा आमच्या ओट्यावर नव्हे, तर पांडवांच्याच बैठकीत झाला. सहदेवाने विराटाचे नाव सुचवले, नकुलाने द्रुपदाचे, भीमाने शिखंडीचे, अर्जुनाने धृष्टद्युम्नाचे. चार भाऊ, चार नावे. शेवटी कृष्णाच्या संमतीने धृष्टद्युम्न ठरला. सात अक्षौहिणींना सात नायक आणि त्या सर्वांवर हा. एकदा ठरल्यावर मात्र ज्यांची सूचना मागे पडली त्यांपैकी कोणी रुसून तंबूत बसला नाही. विराट आणि द्रुपद हे दोन वृद्ध राजे त्या तरुणाच्या हाताखाली लढले आणि पंधराव्या दिवशी रणात पडले. शिखंडी त्याच्या हाताखाली लढला. माझ्या मते पांडवांचा विजय पहिल्या बाणाआधी त्या बैठकीतच अर्धा झाला होता.

धृष्टद्युम्न भीष्मांहून मोठा योद्धा नव्हता. द्रोणांपुढे तर तो विद्यार्थीच. एकट्याने रणांगण दणाणून सोडल्याच्या कथा त्याच्या नावावर फारशा नाहीत. पण सेनापतीचे काम सर्वांत जास्त माणसे मारणे हे नव्हेच. ज्याला अर्जुनाला पुढे सोडता येते, भीमाला मोकळे ठेवता येते, तुटलेली फळी सांधता येते आणि संध्याकाळी हरलेल्या सैन्याला सकाळी पुन्हा उभे करता येते, तो सेनापती. पहिल्या दहा दिवसांत पांडवांची फळी भीष्मांपुढे कितीदा फुटली! तरी अकराव्या दिवशी ती उभी होती. शिवाय त्याच्या मनाच्या गाठीला दुसऱ्या बाजूचे काही बांधलेले नव्हते.

तो निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. शस्त्र खाली ठेवून ध्यानस्थ बसलेल्या द्रोणांचे मस्तक त्याने उडवले. त्यावरून त्याच्याच छावणीत सात्यकी त्याच्यावर गदा घेऊन धावून गेला. भीमाने मध्ये पडून आवरले म्हणून रक्त सांडले नाही. आणि विजयाच्या रात्री तो निःशंक झोपला. अश्वत्थामा रात्री छावणीत शिरला, त्याने सेनापतीला लाथेने जागे केले आणि शस्त्राने मार ही त्याची शेवटची विनंतीही न मानता पायांखाली तुडवून मारले. अठरा दिवस जागणारा सेनापती एकोणिसाव्या सकाळला दिसला नाही. त्याच्यावर पोथीत अश्रू थोडे आहेत, ओट्यावर पक्ष नाही. हरणाऱ्याचे मरण आपल्याला हळवे करते, जिंकणाऱ्याचा पराक्रम आपल्याला दिपवतो. पण जो फक्त काम नीट करतो आणि पुरे झाल्यावर मरून जातो, त्याच्याविषयी काय वाटून घ्यावे हे आपल्याला समजत नाही.

येथवर आले म्हणजे ओट्यावर कोणीतरी विदर्भाचा विषय काढतोच. एवढ्या मोठ्या युद्धात आपल्याकडचे कोणी नव्हते काय? होते तर! रुक्मिणीचा भाऊ रुक्मी एक संपूर्ण अक्षौहिणी घेऊन निघाला होता. पांडवांच्या छावणीत जाऊन अर्जुनाला म्हणाला, भीती वाटत असेल तर मी साहाय्याला आहे. अर्जुनाने हसून त्याला वाटेला लावले. मग तो दुर्योधनाकडे गेला. तिथेही त्याला तसाच नकार मिळाला. भरल्या सैन्यासह आमचा विदर्भवीर एकही बाण न सोडता घरी परतला! यावर ओट्यावर मोठा हशा पिकतो. पण त्या हशात एक म्हातारा दरवर्षी म्हणतो, की अठरा अक्षौहिणी मेल्या, रुक्मीची तेवढी एकोणिसावी जिवंत राहिली. त्या शिपायांच्या बायकांनी राजाला दुवाच दिला असेल. मग हसू थोडे कमी होते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की रिकामटेकड्यांचा हा उद्योग; हजारो वर्षांमागच्या सेनापतींना नापास करून कोणाचे पोट भरणार? मलाही तसे वाटले असते. पण ज्या वर्षी ही तपासणी झाली, त्याच वर्षी आमच्या भावकीत धुऱ्याचे भांडण पेटलेले होते.

दोन सख्खे भाऊ. वडिलांच्या मागे वावराची वाटणी झालेली. मधल्या धुऱ्यावरून थोरल्याचा नांगर दरवर्षी हात-दीड हात पुढे सरके. धाकट्याने दोन वर्षे पाहिले, तिसऱ्या वर्षी आडवा झाला. शब्दाला शब्द वाढला, काठ्या बाहेर निघाल्या, प्रकरण कोर्टात जायचे ठरले. दुर्योधनाने सुईच्या टोकावर राहील एवढी माती द्यायचे नाकारले, ते आपण पोथीत ऐकतो आणि हळहळतो. वावरात ती माती हातभर झाली की आपल्याला तिचे मोल कळते!

आमच्या भावकीत सर्वांत वडील म्हणजे आप्पा. ओट्यावर भीष्माच्या पक्षाचे तेच पुढारी. त्यांच्या मुलीच्या लग्नात थोरल्याने आपले घर रिकामे करून दिले होते, अडचणीच्या साली बियाणे दिले होते. थोरल्याने त्यांना साक्षीला पुढे उभे करायचे ठरवले, आणि आप्पांनी होकार दिला. धुरा सरकलेला आहे हे आप्पांना दिसत होते. साऱ्या गावाला ठाऊक होते, की आप्पा धाकट्याच्या घरावरून जाताना खाली मान घालून जातात. पण उपकार होते आणि शब्द दिला होता.

भीष्मांची तपासणी झाली त्या रात्री आप्पा म्हणाले होते, "ज्याचं खाल्लं त्याच्याकून उभं राह्यलं, याच्यात भीष्माचं काय चुकलं?"

जागलीवाला उठायच्या बेतात होता. त्याने कंदील उचलला आणि सहज म्हणाला, "उभं राह्यलं, पन कसं, आप्पा? मजुरी पुरी अन् निंदन अर्धं! दुर्योधनाचंबी भलं झालं नाही, धर्माचंबी झालं नाही. कौरवाईतला युयुत्सू बरा. त्याले पटलं नाही, तं दिवसाउजेडी सगळ्याईच्या देखत तिकून इकडे आला."

युयुत्सू हा धृतराष्ट्राचाच दासीपुत्र. धर्मराजाने युद्धाआधी हाक दिली तेव्हा उघडपणे पांडवांकडे आला आणि युद्धानंतरही जिवंत राहिला. त्याच्या उलट विकर्ण. भरसभेत द्रौपदीची बाजू घेऊन बोलणारा हा एकटा कौरव. पण लढायची वेळ आली तेव्हा निमूट भावांच्या रांगेत उभा राहिला आणि चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मेला. मारल्यावर भीमालाही वाईट वाटले. ही दोन नावे ओट्यावर कोणाच्या पक्षात नव्हती; त्या रात्री ती पहिल्यांदा निघाली. आप्पा काही बोलले नाहीत.

चार दिवसांनी आप्पा भरदुपारी थोरल्याच्या अंगणात गेले. बायामाणसे घरात होती, गडी ओसरीवर होते. सर्वांच्या देखत ते म्हणाले, "मी तुह्याकून साक्षीले येत नाही. धुरा सरकला हाये, मले दिसते. तुहे उपकार मी दुसऱ्या रीतीनं फेडीन." थोरला खवळला. जे बोलू नये ते बोलला. आप्पांनी ऐकून घेतले आणि चहा न घेता परत आले. त्यानंतर थोरल्याच्या घरच्या लग्नात आप्पांना अक्षत आली नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला याहून मोठा घाव नसतो. लग्नाच्या दिवशी ते वावरात जाऊन बसले होते.

पण कोर्ट टळले. ज्याच्या जिवावर उडी मारायची तोच पुढे होईना, तेव्हा थोरल्याने मोजणी कबूल केली. मोजणी झाली, दगड गाडले गेले, सरकलेली पट्टी धाकट्याकडे आली. भाऊ-भाऊ आजही एकमेकांच्या ओसरीवर बसत नाहीत. तथापि पोळ्याला दोघांचे बैल एकाच तोरणाखाली उभे राहतात. आप्पाही भीष्माच्याच पक्षात आहेत. ते म्हणतात, "भीष्माले नावं ठेवू नये, पन त्याच्यासारखं करूबी नये."

सेनापतींच्या या वादाचा उपयोग काय, हे मला त्या दुपारी समजले. आपल्यापैकी फार थोड्यांना सैन्य चालवावे लागते. पण कोणाच्या ना कोणाच्या वतीने पुढे उभे राहण्याची पाळी प्रत्येकावर येते: घरात, भावकीत, संस्थेत, कचेरीत. तेव्हा आपले शौर्य किती, हा प्रश्न मागाहूनचा. मन बरोबर येत नसेल तर पाय तिकडे न्यावा का, हा पहिला. भीष्मांनी एवढेच म्हटले असते, की मी दुर्योधनाचे रक्षण करीन, पण सेनापती होणार नाही. तर कदाचित कोणीतरी दुसरा पुढे आला असता, कर्ण पहिल्याच दिवशी उतरला असता, युद्ध लवकर संपले असते, किंवा इतका मोठा आधार गेल्याचे पाहून मुळात उभेच राहिले नसते. अर्ध्या मनाने पुढे होणारा थोर माणूस युद्ध टाळत नाही. तो ते लांबवतो.

आणि शिपायाची आठवण ठेवणारी एक आज्ञा त्या अठरा दिवसांत होऊन गेली, तीही सांगितली पाहिजे. चौदाव्या दिवशी सूर्य मावळला तरी युद्ध थांबले नाही. मशाली पेटवून सैन्ये लढत राहिली. मध्यरात्र झाली, घटोत्कच पडला, माणसे झोपेने आंधळी होऊन आपलीच माणसे तोडू लागली. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने हाक दिली, की सगळे थकले आहेत. वाटल्यास इथेच, रणांगणातच थोडे झोपा, चंद्र उगवला की पुन्हा लढू. कौरवांनीही ते मानले. आणि दोन्ही सैन्ये जिथल्या तिथे झोपली: कोणी हत्तीच्या पाठीवर, कोणी घोड्यावर, कोणी रथात, कोणी उघड्या भुईवर. झोपण्यापूर्वी शत्रूच्या शिपायांनी अर्जुनाला आशीर्वाद दिला.

हा प्रसंग सांगून झाला तेव्हा जागलीवाला म्हणाला, "हे त्याले कळलं, म्हून तो मोठा," आणि बॅटरी लावून वावराकडे निघाला. त्याची झोप अजून चार तास दूर होती.

दिवाळीत घर भरलेले असते. काका, मामा, आत्याचे यजमान, सुट्टीवर आलेली मुले, सगळे फराळाच्या ताटाभोवती बसलेले असतात, आणि कोणीतरी कर्णाचे नाव काढतोच. यंदा तसे झाले तर वाचकांनी एक करून पाहावे. कर्णाची बाजू भरपूर मांडू द्यावी, अर्जुनवाल्यांना चिडू द्यावे, आणि शंकरपाळ्यांचा डबा दुसऱ्यांदा फिरू लागला म्हणजे हळूच विचारावे: पांडवांचा सेनापती कोण होता हो? ज्या मुलाला उत्तर येईल, त्याला शेवटची करंजी द्यावी.